डोळ्यातून कळणारं मानेच्या नसेचं बीपी

मागे काकांचा फोन आला, "अगं, परवा उजव्या डोळ्यापुढे शटर खाली यावं तसं झालं, दोनतीन मिनिटं काहीच दिसेना, मग आपोआप ठीक. चष्म्याचा नंबर बदलला असेल ना?" माझ्या पोटात गोळाच आला. डोळ्यांच्या ओपीडीत काम करते म्हणून लगेच मान आठवली.

कारण मानेतून वर डोक्याकडे रक्त नेणारी कॅरोटिड नावाची नस, तिचा आतला फाटा कवटीत शिरला की पहिली मोठी फांदी देतो ती डोळ्याला. मानेत नस चरबीने बरीच तुंबली की त्या बाजूच्या डोळ्यात रक्ताचा जोर कमी पडतो. आणि तो जोर मोजता येतो! हे काचबिंदूसाठी तपासतात ते (नॉर्मल १० ते २१) प्रेशर नाही हं, ते डोळ्यातल्या पाण्याचं, हे रक्ताचं.

फ्रान्सच्या पॉल बायार यांनी १९१७ साली त्यासाठी स्प्रिंगचं छोटं यंत्र आणलं. शिकत असताना सरांनी एकदा दाखवलं होतं, डोळा बधिर करून ते पांढऱ्या भागावर बाहेरच्या कडेला हळूहळू दाबत होते आणि मी ऑप्थॅल्मोस्कोपमधून, म्हणजे डोळ्याच्या आतलं दाखवणाऱ्या भिंगातून, आत बघत होते, आधी सगळं शांत, मग अचानक पडद्यावरची बारीक लाल नस उघडमीट उघडमीट करायला लागली. तो बीपीसारखा खालचा आकडा. अजून दाबलं तर नस फिकी पडून ठप्प, तो वरचा, आणि लगेच दाब सोडायचा कारण तेवढा वेळ पेशंटला त्या डोळ्याने दिसत नाही. मग दुसरा डोळा. दोघांत साधारण २० टक्क्यांच्या वर फरक आला की कमीवाल्या बाजूच्या मानेवर संशय. नुसत्या नजरेने मानेतला अडथळा पकडायचा, मला आजही हे अफाट वाटतं.

पण दोन्ही बाजू सारख्याच तुंबल्या असतील तर फरक दिसतच नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे नस फार अरुंद नाही पण आतला चरबीचा थर फुटून त्याचे कण वर सुटतायत, तेव्हा आकडे अगदी नॉर्मल येतात आणि पुढचा कण मेंदूत जाऊ शकतो. म्हणून आता मानेची डॉप्लर, म्हणजे नसेतला रक्ताचा प्रवाह दाखवणारी, सोनोग्राफी करतात, आणि तेच बरोबर आहे.

काकांना म्हटलं, "नंबरबिंबर काही नाही काका, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला निघा, गाडी तुम्ही चालवू नका." डॉप्लरमध्ये उजवीच नस तुंबलेली निघाली.