तुमच्याकडे लाइट आहे का?

नाशिकला कृषिनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी भेटणाऱ्या मंडळींपैकी निदान दहा जणांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला आहे: "त्या बेटावर लाइटच नव्हती म्हणता, मग तुम्ही दोघे पाच महिने राहिलात तरी कसे?" चालता चालता प्रत्येकाला मी वेगळे उत्तर दिले आणि त्यातले एकही पुरे पडले नाही, म्हणून आता बसून लिहितो आहे.

आधी एक दुरुस्ती करतो. लाइट होती; नव्हते ते कनेक्शन. आमची मुलगी आणि जावई ज्या लॅस्कीटी बेटावर राहतात, ते कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला, मुख्य भूमी आणि व्हँकुव्हर बेट यांच्यामधल्या जॉर्जियाच्या सामुद्रधुनीत आहे. साधारण वीस किलोमीटर लांबीच्या या बेटावर २०२१ च्या जनगणनेनुसार ४९८ माणसे राहतात, आणि वीज कंपनीची तार तिथे पोहोचलेलीच नाही. फ्रेंच क्रीक नावाच्या बंदरातून एक लहान फेरीबोट जाते. तिच्यात माणसे चढतात, मोटारी चढत नाहीत, आणि वारा जोराचा असेल तर ती सुटतही नाही. नाशिककराला पाण्याचे माप म्हणजे गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती, आणि तेही पावसाळ्यापुरते. तिथे पाणी रोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते, त्यामुळे धक्क्यावरून बोटीकडे जाणारा फळ्यांचा उतार सकाळी सपाट असला तर दुपारी जिन्यासारखा उभा होतो, हे आमच्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी नोंदवून घेतले.

घराच्या छपरावर सौर पॅनेल आणि मागच्या खोलीत आठ लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, एवढेच त्या घराचे वीज केंद्र. आपल्याकडे इन्व्हर्टरच्या बॅटरीत दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचे असते आणि तेही बहुतेक घरांत विसरले जाते. तिथे खिळ्याला दोरीने अडकवलेली एक वही होती, आणि रोज पहाटे, कोणतेही बटण दाबण्यापूर्वी, त्यात व्होल्टेज लिहावे लागे. २५.४ म्हणजे भरलेल्या, २४.१ म्हणजे निम्म्या. निम्म्याखाली वारंवार उतरल्या की बॅटऱ्यांचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून २४.१ या आकड्याला त्या घरात एखाद्या कडक आजोबांचा मान होता. ती वही लिहिण्याचे काम दुसऱ्या आठवड्यापासून माझ्याकडे आले. बँकेत छत्तीस वर्षे शिलकी जुळवल्यामुळे ते मला आवडलेही. फरक इतकाच की इथे ओव्हरड्राफ्ट मिळत नव्हता.

खरी अडचण विजेची नसून ऋतूंची आहे. आमचा मुक्काम ऑक्टोबर अखेरीपासून मार्च अखेरीपर्यंत होता, आणि तिथला पाऊस मुख्यतः याच महिन्यांत पडतो. उन्हाळा कोरडा जातो. २१ डिसेंबरला नाशिकला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४६ अंशांहून वर असतो. तिथे तो जेमतेम १७ अंशांवर येतो, म्हणजे फरच्या उंच झाडांच्या शेंड्यांतून डोकावून पुन्हा खाली जातो. दिवस सव्वाआठ तासांचाही नसतो आणि त्यातले पुष्कळ तास ढगांचे असतात. दिव्यांची गरज सर्वांत जास्त तेव्हाच सूर्य सर्वांत कंजूष होतो. याच्या तुलनेत आपली स्थिती पाहा: पंखे आणि कूलर फिरतात ते एप्रिल-मेमध्ये, आणि ऊनही तेव्हाच भरभरून असते. म्हणून "ते तिकडे परदेशात जमते, आपल्याकडे कुठले?" असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा मला उलट वाटते. जुलै-ऑगस्टचे दोन महिने निभावले तर हे नाशिकला अधिक सहज जमेल.

उष्णता निर्माण करणारी कोणतीही वस्तू विजेवर चालवायची नाही, हा घराचा पहिला नियम होता. इस्त्री नाही, गीझर नाही. मिक्सर चालायचा, पण इडलीचे पीठ वाटायचे ते स्वच्छ ऊन पडलेल्या दिवशी दुपारी, त्यामुळे रविवारच्या न्याहारीचा बेत शुक्रवारच्या आकाशावर ठरे. स्वयंपाक आणि ऊब दोन्ही लोखंडी शेगडीवर. तिचा धूर नळकांड्यातून थेट छपराबाहेर जातो, त्यामुळे डोळे चुरचुरत नाहीत. पण लाकूड ओले असेल तर त्याच नळकांड्यात डांबरासारखा थर साचतो आणि एक दिवस तोच पेट घेतो. म्हणून या हिवाळ्यात जाळायचे लाकूड निदान गेल्या वर्षी फोडून, रचून, वाळवलेले असावे लागते. आपल्याकडे "चुलीवरची मिसळ" अशी पाटी लावली की गाड्यांची रांग लागते. त्या चुलीमागचे लाकूड कोणी फोडले, हे मी आता प्लेट समोर आल्यावर विचारतो, आणि पत्नी मला गप्प बसायला सांगते.

शौचालयाबद्दल विचारणारे आवाज खाली आणून विचारतात. पाणी न वापरता, वरून लाकडाचा भुसा टाकायचा आणि त्याचे खत होऊ द्यायचे. वास येत नाही. यापेक्षा जास्त त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

आता ज्या रात्रीमुळे हा प्रश्न मला खऱ्या अर्थाने समजला, ती रात्र सांगतो. डिसेंबरचा तिसरा आठवडा होता आणि सलग चार दिवस ढग होते. पत्नीचे गुडघे दुखत होते, म्हणून तिने शेकण्याचा विजेचा पॅड लावला आणि तो तसाच चालू राहून ती झोपी गेली. साठ वॅट म्हणजे काय, नाशिकला आपण एवढ्याशा वस्तूची दखलही घेत नाही. पहाटे साडेतीनच्या सुमारास इन्व्हर्टरने बीप केले आणि तो बंद पडला. फ्रिजची घरघर थांबली, आणि मी बेसिनशी गेलो तर विहिरीवरचा पंपही बंद असल्यामुळे नळाला पाणी नव्हते.

अशा वेळी मी काय केले, ते सांगायला थोडा संकोच वाटतो. मी खिडकीशी गेलो. वयाच्या बासष्टाव्या वर्षापर्यंत लाइट गेली की मी हेच करत आलो आहे: समोरच्या इमारतीत उजेड आहे का ते पाहायचे, तिथेही अंधार दिसला तर बिघाड फीडरचा, म्हणजे साऱ्या भागाला वीज देणाऱ्या लाइनचा, असे समजून निश्चिंत व्हायचे, आणि दिसला नाही तर गॅलरीतून विचारायचे, "तुमच्याकडे आहे का?" त्या खिडकीबाहेर फरचे जंगल होते आणि त्यापलीकडे समुद्राचा आवाज. विचारायला कोणी नव्हते, फोन लावायला तक्रार केंद्र नव्हते, आणि राग काढायलाही कोणी नव्हते, कारण दोष आमच्याच उशाशी पडला होता.

जावई डोक्याला विजेरी बांधून आले, त्यांनी मीटर पाहिला आणि काही न बोलता जनरेटर सुरू करायला पावसात बाहेर गेले. मुलगी दारात उभी होती. "बाबा, खिडकीतून काय बघताय?" ती म्हणाली, "इथे फीडर आपलाच आहे." सकाळी मी वहीत २३.६ लिहिले आणि शेजारी कारण लिहायच्या जागेत बराच वेळ काही सुचेना, म्हणून शेवटी "गुडघे" असे लिहिले.

कोणी विचारतात, बिल येत नसेल, मजा आहे. दरमहा येत नाही हे खरे; पण काही वर्षांनी सगळ्या बॅटऱ्या एकदम बदलाव्या लागतात, आणि तो आकडा ऐकला की आपले दर महिन्याला येणारे बिल सभ्य वाटू लागते. ज्यांना निसर्गाच्या कुशीतली शांतता हवी आहे, त्यांनी पेट्रोलच्या जनरेटरशेजारी तीन तास काढून मग बोलावे.

मे महिन्यात इथे वळवाचा पाऊस झाला आणि संध्याकाळी लाइट गेली. जिन्यात दारे उघडू लागली, खालून कोणी तरी वरच्या मजल्याला हाक मारली. मी अंधारातच खिडकीशी गेलो. समोरच्या इमारतीतही अंधार होता, आणि पाच महिने ती वही लिहिलेल्या माणसाला हे कबूल करणे शोभत नसले, तरी मला अगदी हायसे वाटले.