मुलांसोबत कान्हेरी: आधी परतीची सोय बघा, मग तिकीट काढा

बोरिवलीच्या नॅशनल पार्कमध्ये मुलांना घेऊन जायचा बेत असेल तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. मुख्य फाटकापासून कान्हेरी लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर आम्हाला सांगितलं गेलं ते असं: "आत शिरलं की लेणी लगेच. पोरं हुंदडत जातात, दोन तासांत सगळं आटोपतं." ज्यांनी हे लिहिलं त्यांनी फाटकाजवळची बाग पाहिली असावी, लेणी नक्कीच नाहीत. अशा एका ओळीवर विसंबून कुणाची तरी लहान मुलं भर दुपारी त्या डांबरी रस्त्यावर रडायला लागतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि अकरा वर्षांचा भाचा. होळीच्या आधीचा रविवार. कल्याणहून दादर, तिथून बोरिवली. स्टेशनला पूर्वेकडे उतरा. पश्चिमेला उतरलात तर मुलांना घेऊन पुन्हा पूल चढावा लागतो. स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याने मीटर टाकायला साफ नकार दिला आणि दीडशे रुपये मागितले. "पार्कचं गेट लांब आहे ताई, लहान पोरं आहेत." पार्कचं गेट अजिबात लांब नाही. चालत पंधरा-वीस मिनिटं, आणि रिक्षा मीटरने गेली तर कमीत कमी भाड्याच्या आसपासच पैसे होतात. मीटर टाकणारा दुसरा रिक्षावाला दोन मिनिटांत मिळतो. नाही मिळाला तर चाला, पण दीडशे देऊ नका. रविवारी सकाळी पोराबाळांसकट आलेलं कुटुंब दिसलं की हा भाव सांगितला जातो आणि लोक देतात, म्हणून तो चालू राहतो.

जाताना काही त्रास झाला नाही. लवकर पोचलो होतो, आतली बस मिळाली, सावरीला लाल फुलं आलेली दिसली, मुलं खूश. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

आता लेण्यांबद्दल. तिथे पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं, भारतीयांना २५ रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. पार्कच्या तिकिटात हे येत नाही. स्वच्छतागृहाचं काम तिकीट खिडकीच्या परिसरातच उरकून घ्या, वर डोंगरावर सोय नाही. आणि खाण्याच्या पिशव्या सॅकच्या आत, चेन लावून. हातात काहीही धरू नका. पायऱ्यांच्या सुरुवातीलाच कठड्यावर एक माकड बसलेलं होतं. आमच्या पुढच्या मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. ते माकड घाईत नव्हतं. खाली उतरलं, मुलाच्या समोर येऊन उभं राहिलं, दोन्ही हातांनी पुडा धरला आणि ओढला. मुलाने सोडला नाही, तेव्हा त्याने दात दाखवले. मग मुलाने सोडला. असं झालं तर लगेच सोडून द्यायचं, ओढाओढी करायची नाही, हे मुलांना घरूनच सांगून न्या.

लेणी मात्र अप्रतिम आहेत, यात तडजोड नाही. शंभराहून जास्त लेणी एका डोंगरात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं कोरली गेलेली. मोठ्यांना तीन क्रमांकाचा चैत्य, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, आवडतो. व्हरांड्याच्या दोन टोकांना उभे असलेले सातेक मीटर उंच बुद्ध, आत खांबांची रांग आणि टोकाला स्तूप. हा चैत्य सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. आत गेल्यावर मुलांना सरळ एक काम द्या: कुठले खांब कोरलेले आहेत आणि कुठले नुसते अष्टकोनी सोडून दिले आहेत ते शोधा. आमची दोघं बराच वेळ त्यातच रमली होती. काम अर्धवट का राहिलं यावर त्यांचा जो वाद झाला तो मी ऐकत बसले.

पण मुलांना खरी गंमत वाटते ती लहान लेण्यांची, आणि लोक तिकडे फिरकतच नाहीत. तीन नंबर, अकरा नंबरचा तो लांबलचक दगडी बाकांचा दरबार, फोटो, आणि खाली. असं करू नका. वरच्या अंगाला चढून कुठल्याही साध्या विहारात, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्यात, शिरा. बाहेर छोटं अंगण, अंगणाच्या कडेला पाण्याची पोढी (कातळात कोरलेलं टाकं), चार पायऱ्या चढून ओसरी, ओसरीत दगडी बाक, आत एक खोली आणि खोलीच्या भिंतीला धरून कोरलेला झोपायचा ओटा. एका माणसाचं पूर्ण घर. लेक त्या ओट्यावर आडवी झाली, मग उठून पोढीत डोकावली, मग कातळात कोरलेला तो बारीक पन्हाळ शोधत वर गेली, जिथून पावसाचं पाणी वळवून पोढीत आणलं होतं. पाणी कुठून यायचं, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. पाठ्यपुस्तकातल्या 'जलसंधारण' या धड्याने जे झालं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं.

आणखी एक गोष्ट कल्याणच्या वाचकांसाठी. इथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची गावं दिली आहेत, त्यात सोपारा आहे, चौल आहे आणि कल्याण आहे. आपल्या गावच्या व्यापाऱ्यांनी जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरात पैसे घातले. हे ऐकल्यावर भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात पारशी प्रवाशांनी १००९ आणि १०२१ साली पहलवी लिपीत कोरलेले लेखही आहेत. म्हणजे 'आम्ही इथे येऊन गेलो' असं हजार वर्षांपूर्वीही लोक लिहीत होते. मुलांना हे सांगा, आणि त्यासोबत आज भिंतीवर नाव कोरणं गुन्हा आहे हेही ठणकावून सांगा. अजूनही ताजी नावं दिसतात, फार संताप होतो.

आता परतीचा रस्ता. हा लेख मुळात त्यासाठीच आहे.

दुपारी साडेबारानंतर लेण्यांवरून सगळे एकदम खाली उतरतात. कातळ तापलेला असतो, मुलांना भूक लागलेली असते, आणि बसच्या रांगेत आपल्यापुढे दोन-तीन बस भरतील इतकी माणसं असतात. रविवारची गर्दीच तेवढी असते. आम्ही चालत निघालो. सुरुवातीचा उतार वळणावळणाचा आणि बऱ्यापैकी तीव्र आहे, मुलं धावत सुटतात आणि मागून भाड्याच्या सायकली सुसाट येतात. तिथे मुलांचा हात सोडू नका. उतार संपला की बरं वाटतं, आणि तिथेच खरा त्रास सुरू होतो. पुढचा रस्ता सपाट, लांब आणि उघडा आहे. नकाशावर दोन्ही बाजूंना हिरवंगार जंगल दिसतं, म्हणून सावली असेल असं धरून चालू नका. हे पानगळीचं जंगल आहे. फेब्रुवारीच्या शेवटापासून साग, ऐन वगैरे झाडांच्या नुसत्या काड्या उरतात आणि ऊन सरळ डोक्यावर येतं. वाटेत पाण्याचा नळ नाही. लेक अर्ध्या वाटेत रस्त्याच्या कडेला बसली आणि उठेना. बाबाच्या खांद्यावर बसायच्या वयाची ती राहिलेली नाही, तरी काही अंतर तसंच नेली.

वाचवलं ते आतल्या पाड्यावरच्या एका आजींनी. रस्त्याकडेला टोपलीत काकड्या, कैऱ्या आणि आवळे घेऊन बसल्या होत्या. काकडीला उभ्या चिरा देऊन मीठ-तिखट भरलं, आधी मुलांच्या हातात दिलं, पैशांचं नंतर. मोजके पैसे घेतले. कुठे पैसे द्यायचेच असतील तर इथे द्या, आणि घासाघीस करू नका. अंगावर माकड येऊ नये म्हणून त्यांच्या शेजारीच बसून खा, त्यांच्याजवळ काठी असते.

माझा स्पष्ट निर्णय असा. सात वर्षांखालच्या मुलाला कान्हेरीला नेऊच नका. नेलंत तरी बसनेच जा आणि बसनेच या. मोठ्या मुलांसोबत जाणार असाल तर पार्क उघडल्या उघडल्या आत शिरा, नऊच्या आत लेण्यांवर पोचा, आणि काहीही झालं तरी अकराला खाली उतरायला लागा. परतीची शेवटची बस कधी आहे हे जातानाच विचारून ठेवा. माणशी दीड लिटर पाणी, स्टीलच्या किंवा तांब्याच्या बाटलीत. प्लास्टिक या जंगलात नेऊ नये. टोपी लागतेच. बूट तळाला पकड असलेले हवेत, सपाट चपला घातलेली दोन माणसं माझ्या डोळ्यांदेखत त्या गुळगुळीत पायऱ्यांवर आपटली. आणि सोमवारी पार्क आणि लेणी, दोन्ही बंद.

सायकलीचा पर्याय मोहात पाडणारा आहे, पण जाताना शेवटचा टप्पा चढाचा आहे, हे लोक सांगत नाहीत. दहा-अकरा वर्षांच्या सराव असलेल्या मुलाला जमेल, त्याहून लहानांना नाही. सायकल घेण्याआधी दोन्ही ब्रेक स्वतः दाबून बघा, सीट मुलाच्या उंचीला उतरते का बघा. नाही उतरली तर ती सायकल घेऊ नका, दुसरी मागा.

लहान मुलं असतील तर फाटकाजवळच्या कृष्णगिरी उपवनातच दिवस घालवा: नौकाविहार, गांधी टेकडी, हरणं. वनराणीचं, म्हणजे त्या छोट्या आगगाडीचं आमिष मात्र मुलांना घरून दाखवू नका. २०२१ च्या तौक्ते वादळात तिच्या रुळांचं नुकसान झालं आणि गाडी बराच काळ बंद होती. ती चालू आहे का आणि व्याघ्र-सिंह सफारी त्या दिवशी आहे का, हे फाटकावर विचारून मगच तोंडातून शब्द काढा.

आणि ज्यांना खरंच जंगल दाखवायचं आहे त्यांनी लेणी, सफारी सगळं सोडून निसर्ग माहिती केंद्राच्या पायवाटेच्या कार्यक्रमाला मुलांची नावं द्यावीत. पार्कातली शिलोंड्याची जंगलवाट परवानगी घेऊन आणि सोबत जाणकार माणूस असतानाच करता येते, आणि तेच योग्य आहे. या जंगलात बिबटे आहेत, ते गोष्टीतले नाहीत. जाणकार माणूस मुलांना पाऊलखुणा, कोळ्यांची जाळी, कारवीची झुडपं दाखवतो. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. इथे २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. आमच्या लेकीने हिशेब करून पुढच्या फुलोऱ्याला आपण पंधरा-सोळा वर्षांच्या असू असं जाहीर केलं आहे. गोरेगावला चित्रनगरीलगत बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं) संवर्धन शिक्षण केंद्र आहे, तिथेही मुलांसाठी असे कार्यक्रम होतात, सुट्टीत चौकशी करा.

त्याच सुमारास आम्ही राणीच्या बागेतही गेलो, धारावीसमोरच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानातही. दोन्ही दिवस सुरळीत गेले. राणीच्या बागेत आईवडील आणि दोन मुलांना मिळून १०० रुपये तिकीट आहे, पेंग्विनसाठी सकाळी जा, बाहेर पडल्यावर शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला घारापुरीचा दगडी हत्ती बघा. राणीची बाग बुधवारी बंद. निसर्ग उद्यान ३७ एकरांचं आहे आणि पूर्वी तिथे कचऱ्याचं मैदान होतं, हे मुलांना आधी सांगा आणि मग आत न्या. दोन तास पुरतात.

कान्हेरीला आम्ही पुन्हा जाणार आहोत, पावसाळ्यात, पोढ्या भरल्यावर पन्हाळांतून पाणी वाहताना बघायला. तेव्हा पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून बूट बदलून घेतले आहेत. ओढ्यात आणि धबधब्यात उतरायला मनाई आहे, पाणी वरून अचानक वाढतं, तेव्हा मुलांचे पोहायचे कपडे घरीच ठेवा.