किंग्स्टनचा रेडिओ मेकॅनिक आणि मामाची डॉल्बी

जमैकाला चाललोय म्हटल्यावर सगळ्यांचं एकच, बीचचे फोटो टाका. आणि आम्ही उतरलो किंग्स्टनला, जिथे बीचसाठी सहसा कोणी येत नाही. नवऱ्याला सबाइना पार्क, म्हणजे तिथलं क्रिकेटचं मैदान, बघायचं होतं आणि मला वॉटरहाउस नावाची एक वस्ती, जिथे किंग टबी नावाचा रेडिओ मेकॅनिक डब नावाचं संगीत करायचा. हॉटेलातल्या रिसेप्शनवरच्या बाईने दोनदा विचारलं, मोंटेगो बेला नाही का जाणार? दोनदा नाही म्हटल्यावर तिने आमचा नाद सोडला.

विमानतळ समुद्रात घुसलेल्या एका चिंचोळ्या पट्टीवर आहे, गावात यायचं तर एका हाताला बंदर आणि दुसऱ्या हाताला उघडा समुद्र, समोर ब्लू माउंटन. टॅक्सीवाल्याने जे काही लावलं होतं त्याचा बेस सीटमधून थेट पाठीत येत होता आणि मी एकदम जयसिंगपूरला पोचले, मामाच्या टेम्पोत.

मामाचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याचं साउंड सर्व्हिसचं दुकान. आधी दोन कर्णे आणि एक ॲम्प्लिफायर, सत्यनारायण असो नाहीतर लग्न, मग हळूहळू बेसचे डबे वाढत गेले आणि शेवटी गणपतीत ट्रॉलीवर अख्खी भिंत. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे सोल्डरिंग करायचे, बोटावर अजून एक डाग आहे. मामाला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मशीनमधून हम्म येतोय तो ट्रान्सफॉर्मरचा की अर्थिंगचा, हे तो दारातून सांगतो.

तर किंग टबी हा या बिरादरीतला माणूस. खरं नाव ऑसबोर्न रडॉक, जन्म १९४१. वादक नाही, गायक नाही, रेडिओ दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा, आणि किंग्स्टनमधल्या साउंड सिस्टिमवाल्यांना ॲम्प बनवून देणारा. तिथे साउंड सिस्टिम म्हणजे नुसते स्पीकर नाहीत, अख्खी टीम असते, अंगणात रात्रभर नाच चालायचा आणि या टोळीचा बेस भारी की त्या टोळीचा यावर गर्दी ठरायची. (ओळखीचं वाटतंय ना?) टबीने १९६८ च्या सुमारास स्वतःची सिस्टिम काढली, होमटाउन हाय-फाय, आणि माइकवर यू-रॉय. बाय द वे तिथे डीजे म्हणजे माइकवर बोलणारा, रेकॉर्ड लावणारा तो सिलेक्टर. आपल्याकडे तर डीजे म्हणजे माणूससुद्धा नाही, ट्रॉलीच!

मधे एक गंमत झाली होती. त्याच सुमारास, १९६७-६८ मधे, एका रेकॉर्डची स्पेशल कॉपी कापताना (म्हणजे तबकडीवर आवाज कोरताना) इंजिनिअर गायकाचा आवाज टाकायला विसरला, आणि ती बिनआवाजाची रेकॉर्ड नाचाच्या ठिकाणी लावल्यावर लोकच गायला लागले. झालं, त्यानंतर रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गाण्याचं ‘व्हर्जन’ यायला लागलं, म्हणजे तेच गाणं, गायक वजा. टबी तेव्हा ड्यूक रीड या निर्मात्याकडे रेकॉर्ड कापायचं काम करायचा, आणि त्याच्या लक्षात आलं की गायकच कशाला, गिटारही काढता येते, ऑर्गनही काढता येतो. उरतात ड्रम आणि बेस. मग गिटारचा एखादाच ठोका परत आणायचा, तो एकोमधे सोडून द्यायचा, आणि पुन्हा सगळं बंद. यालाच डब म्हणतात.

सबाइना पार्कला पहिल्या दिवशी सकाळीच गेलो. मॅच नव्हती, वॉचमनने गेटमधून डोकवू दिलं एवढंच, पण नवरा तेवढ्यावर अर्धा तास बोलला. १९७१, सरदेसाईंचे २१२, पहिला दिवस पावसात गेला म्हणून वाडेकरांनी सोबर्सला फॉलोऑन दिला, हे सगळं मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. मग १९७६ वर आला, होल्डिंगचा मारा, पाच जण फलंदाजीलाच येऊ शकले नाहीत आणि डाव ९७ वर संपला. आणि मला तिथे उभ्या उभ्या जाणवलं की अरे, हा तर टबीच्या डबचाच काळ. गावस्कर, गायकवाड इथे अंगावर बॉल घेत होते तेव्हा गाडीने वीसेक मिनिटांवर टबी त्याच्या आईच्या घरातल्या एका खोलीत बसून मिक्सरशी खेळत होता. नवऱ्याला सांगितलं तर म्हणे, मग त्याने होल्डिंगचा पण आवाज काढून टाकायला हवा होता.

दुपारी जेवायला इटल म्हणजे रास्ताफारी पंथाच्या लोकांचं शाकाहारी, जवळपास बिनमिठाचं. कॅलालू नावाची भाजी आली, बघते तर आपला माठ! मेनूवर रोटी आणि मटणाची ‘करी गोट’ पण होती, १८४५ पासून इथे आपल्याकडचे गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर आले त्यांची कृपा. गांजा हा शब्दही तिथे गांजाच आहे, त्यांनीच नेलेला.

वॉटरहाउसला जायला दोन टॅक्सीवाले नाही म्हणाले. तिसरा तयार झाला, पण अट अशी की तो सांगेल तिथेच उतरायचं आणि कॅमेरा गळ्यात लटकवायचा नाही. बैठी घरं, पत्र्याची कुंपणं, एका कुंपणावरून डोकावणारं आंब्याचं झाड. ड्रोमिली ॲव्हेन्यू, नंबर १८. आत जायला काही मिळालं नाही, गाडी जेमतेम दहा मिनिटं थांबली, फोटो एकच आणि तोही हललेला. बघायला काही नाहीच खरं तर. पण ती गल्ली किती लहान आहे ते बघितल्यावर मला डब जास्त कळलं, कारण टबीच्या स्टुडिओत बँड मावायचाच नाही. गायकाला बाथरूममधे उभं करायचे. मोठ्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेल्या टेप बनी लीसारखे निर्माते इथे घेऊन यायचे, चारच ट्रॅक, आणि टबी त्यावरून नवीन काहीतरी करून द्यायचा. मिक्सर सेकंडहँड, डायनॅमिक स्टुडिओने काढलेला. त्याच्यावर एक मोठा नॉब होता हाय-पास फिल्टरचा, तो फिरवला की खालचा आवाज पायरीपायरीने पातळ होत जायचा, वर फक्त झांजांची चरचर उरायची, आणि मग एकदम सोडला की बेस धाडकन अंगावर. आजचा कुठलाही डीजे ‘ड्रॉप’च्या आधी जे करतो ना, बेस काढून घेऊन लोकांना ताटकळत ठेवतो, ते हेच. रिव्हर्बच्या, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या, डब्यात स्प्रिंग असतात, टबी तो डबाच ठोकायचा, गाण्यात वीज कडाडल्यासारखा आवाज. मामाने मला अशाच कारणासाठी एकदा झापलं होतं.

त्याच वस्तीत त्याचा शिष्य जॅमी. १९८५ मधे त्याने कॅसिओच्या साध्या कीबोर्डमधे आधीपासून भरलेला एक ठेका घेऊन गाणं काढलं आणि जमैकाचं संगीत डिजिटल झालं. टबीनेही मग तसली गाणी काढली, पण फार दिवस मिळाले नाहीत. फेब्रुवारी १९८९ मधे स्टुडिओतून घरी परतताना त्याच्या दारातच कोणीतरी गोळ्या घातल्या. कोणी ते आजपर्यंत कळलं नाही. ड्रायव्हरला विचारलं तर त्याने नुसती मान हलवली आणि गाडी सुरू केली.

डबची पुढची वाट मी आधीच बघून आले होते, उलट्या बाजूने. काही वर्षं लंडनला होते तेव्हा क्रॉयडनजवळ राहायचे, जिथल्या एका रेकॉर्डच्या दुकानाभोवती डबस्टेप नावाचं नाचाचं संगीत तयार झालं. नावातच डब आहे तरी मला तेव्हा पत्ता नव्हता! मिनिटाला १४० चा ठेका पण अंगाला सत्तरचा वाटतो, मधे नुसती मोकळी जागा आणि खाली बेस. त्याच्या आधी जंगल नावाचं संगीत, ड्रम १६० च्या वर पळतायत आणि बेस मात्र निम्म्या चालीने, रेगे या जमैकन संगीताच्या. जमैकातून इंग्लंडला गेलेल्या लोकांनी साउंड सिस्टिम सोबत नेल्या, त्यांच्या पोरांनी हे सगळं केलं. नवीन ट्यून एकच कॉपी कापून घ्यायची आणि आपल्याच पार्टीत वाजवायची, ती डबप्लेटची सवयसुद्धा जमैकातलीच.

रविवारी रात्री डब क्लब. जॅक्स हिलच्या चढावर, शहराच्या डोक्यावर, खाली सगळं किंग्स्टन दिव्यांनी लुकलुकतंय. स्पीकरचे थर अंगणात. आवाज मोठा आहे, पण शेजारच्याशी बोलता येतं, हे मला आधी खरंच वाटेना. बेस छातीत नाही बसत, पोटात जरा खाली बसतो आणि तिथेच राहतो. आमच्याकडच्या भिंतीसमोर मी लहानपणी उभी राहिलेय, कान दोन दिवस वाजतात, म्हाताऱ्यांची धडधड वाढते, खिडक्या हलतात, दरवर्षी पोलीस, दरवर्षी तेच. डबे तेच, वॉट कदाचित आपलेच जास्त. फरक इतकाच की आपल्या ऑपरेटरला सगळे नॉब वर करायचे माहिती आहेत, खाली कुठला आणि कधी करायचा हे कोणी शिकवलंच नाही. इथल्या सिलेक्टरने मधेच बेस काढला, सगळं अंगण थांबलं, एक जण तर चिलीम तोंडाशी नेता नेता तसाच थांबला, आणि सिलेक्टर बेस परत घेईना. घेईना. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मग आला.

निघायच्या दिवशी ऑरेंज स्ट्रीट. एके काळी या रस्त्यावर दुकानंच दुकानं होती रेकॉर्डची, आता मोजकीच. रॉकर्स इंटरनॅशनल चालू होतं, ऑगस्टस पाब्लो या वादकाने काढलेलं, तोच ज्याच्या तोंडाने वाजवायच्या मेलोडिकावर टबीने कमाल केली. छोटं दुकान, भिंतभर सात इंची रेकॉर्ड. माणसाने विचारलं काय पाहिजे, मी म्हटलं टबीचं व्हर्जन असलेलं काहीही, त्याने न बघता मागे हात घालून तीन काढल्या, मी एक घेतली.

ती कपड्यांच्या मधे घालून आणली. घरी टर्नटेबल नाहीये हे विमानात आठवलं. मामाकडे माळ्यावर एक आहे, त्याला पिन नाही. व्हिडिओ कॉलवर रेकॉर्ड दाखवली तर लेबलकडे बघितलंही नाही, कडेने उजेडात धर म्हणाला, चरे बघू दे. मग म्हणे पाठव इकडे, पिनचं मी बघतो.