ड्रेनेजच्या कामाला भरवशाचा माणूस शोधताना

आमच्या घरची ड्रेनेज लाइन सारखी तुंबायची. फोन केला की कोणीतरी यायचं, स्प्रिंग (पाइपात फिरवायची लांब लवचीक तार) घालायचं, पाणी खळखळून वाहायला लागायचं. थोडे दिवस गेले की बाथरूमच्या जाळीतून पुन्हा काळं पाणी वर. लाइन मोकळी करून देणारे पुष्कळ भेटले, पण ती का तुंबते हे कोणी बघतच नव्हतं. मला तसं बघणारा माणूस हवा होता.

नव्याने फोनाफोनी करण्याआधी मी घरात नीट निरीक्षण केलं. नुसतं सिंक तुंबत असेल तर दोष बहुधा त्याच्या ट्रॅपमध्ये (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या भागात) किंवा जवळच्या पाइपात असतो. आमच्याकडे वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून गुडगुड आवाज यायचा आणि पाणी वर चढायचं. म्हणजे दोन्हीकडचं पाणी जिथे एकत्र होतं त्याच्या पुढे कुठेतरी अडत होतं. बाहेरच्या चेंबरचं झाकण काढलं तर आत जवळजवळ कोरडं. तेही भरलेलं असतं तर अडथळा चेंबरच्या पुढे समजायचा. इथे तो घर आणि चेंबर यांच्या मध्ये होता. (झाकण काढल्यावर आत वाकू नका. आतला वायू खरोखर घातक असतो.)

हे सगळं मी प्रत्येकाला फोनवर सांगितलं. एकाने पुरतं ऐकून न घेताच सगळी फरशी फोडायचा खर्च सांगितला. दुसरा म्हणाला, आधी ॲसिड ओता. मला ते अजिबात पटलं नाही. अडथळा सुटला नाही तर ते ॲसिड पाइपातच साचून राहतं आणि पुढे पाइप उघडणाऱ्याच्या अंगावर उडतं. त्यात ब्लीचिंग मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो.

मग एकाने उलट मलाच प्रश्न विचारले. "ताई, तुंबलेलं पाणी सावकाश उतरतं की तसंच राहतं? आधी कोणी ॲसिड-पावडर टाकली आहे का? पाइप मातीचे की पीव्हीसीचे? लाइनीजवळ झाड आहे का?" झाड आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "कॅमेरा घातल्याशिवाय मी खर्च सांगणार नाही." तिथेच माझा निम्मा निर्णय झाला. तरी त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन केलेच. काम चांगलं झालं का, असं विचारलं की सगळे हो म्हणतात. मी विचारलं, नंतर पुन्हा काही बिघडलं का, आणि बिघडल्यावर हा आला का?

आधी जेटिंगने, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने, लाइन धुतली, कारण गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. मग स्क्रीन माझ्यासमोर धरली. मातीच्या पाइपाच्या जॉइंटमधून केसांच्या जुडग्यासारखी मुळं आत आली होती, आणि त्याच्या पुढे पाइप खचून पाणी साचलं होतं. चार इंची पाइपाला मीटरमागे साधारण अडीच सेंटीमीटर उतार लागतो. तो गेला की पाणी रेंगाळतं, तेलकट गाळ खाली बसतो आणि मुळांना अडकतो. कॅमेऱ्याच्या टोकाला सिग्नल देणारं यंत्र असतं, त्यावरून त्याने जमिनीवर खडूने खूण केली. तेवढाच भाग खोदायचा होता.

खर्च मी लेखी घेतला. पाइप किती लांबीचा आणि कसला, खालचं बेडिंग (पाइपाला टेकू देणारा थर), राडारोडा उचलणं, फरशी परत बसवणं, हमी कशाची आणि कधीपर्यंत, हे सगळं त्यात आलं. सगळे पैसे आधी द्यायचे नाहीत आणि खड्डा बुजवण्याआधी मला काम दाखवायचं, हेही लिहून घेतलं. ही शेवटची अट फार महत्त्वाची. एकदा माती पडली की जॉइंट कसा जोडलाय ते कोणालाच सांगता येत नाही.

नवा पाइप बसवून झाल्यावर, खड्डा बुजवण्याआधी, घरातले सगळे नळ एकदम सोडले. नव्या पीव्हीसी पाइपाच्या प्रत्येक जॉइंटखाली त्याने कोरडा कागद धरला आणि तो मला हातात घेऊन बघायला लावला. लेव्हल लावून उतारही दाखवला. कागद कोरडे होते, मग मी माती टाकायला सांगितलं.

कॅमेऱ्याचं चित्रीकरण आणि भिंतीपासून प्रत्येक जॉइंटचं अंतर लिहिलेला नकाशा त्याने दिला. तो घराच्या कागदपत्रांत लावून ठेवला आहे. लाइनीचा उरलेला भाग अजून जुनाच आहे आणि झाडही तिथेच आहे, त्यामुळे अधूनमधून कॅमेरा घालून बघायचं ठरलं आहे.