खुराड्याची राखण: आषाढ ते दिवाळी

मखमलाबादच्या आमच्या परसात आज 11 कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. पावसाळ्याआधी कोंबड्या 14 होत्या. तीन कशा गेल्या आणि मग खुराड्यात काय काय बदललं, ते लिहून ठेवते.

पहिली गेली ती आमची खुडूक. आषाढातली दुपार होती, तीनचा सुमार. मानेवर कानामागे दोन बारीक दातांच्या खुणा, बाकी अंगावर ओरखडाही नव्हता. मी धसका घेतला बिबट्याचा, कारण पलीकडच्या उसात ठसे दिसल्याची चर्चा होती. सासूबाईंनी कोंबडी मांडीवर घेतली, फुंकर मारून मानेवरची पिसं बाजूला केली आणि म्हणाल्या, "अगं, बिबट्या असता तर उचलून नेली असती. भरदुपारी मानेला धरलंय, हे मुंगूसच." आठवड्याभरात आणखी दोन तशाच गेल्या. तोवर मी रात्रीच्या दिव्यावर पैसे घालवून बसले होते. मुंगूस दिवसा फिरतं, दिव्याचं त्याला काय!

म्हणून नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: खर्च करण्याआधी कोण येतंय ते ओळखा. मी चुलीतली राख चाळून पागोळीच्या आत, दाराशी पसरते. कुत्र्याच्या ठशात चार बोटं आणि नखं उमटतात. मांजराचीही चारच, पण नखं दिसत नाहीत. मुंगसाची आणि उदमांजराची पाच. उदमांजर रात्रीचं येतं, म्हणून मी राख सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा बघते.

वाट सापडली उंबऱ्याखाली. आमची माती काळी, उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात खचते. तिथे तीन बोटांची फट पडली होती. बाजूची षटकोनी कोंबडी जाळीही खालून गंजली होती. ही जाळी कोंबडीला आत ठेवते, पण दात-नखं असलेल्या जनावराला बाहेर ठेवत नाही. आता खालचे 3 फूट अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडून केलेली चौकोनी जाळी, लावली आहे. तीच जाळी तळाशी दुमडून बाहेरच्या बाजूला दीड फूट जमिनीवर आडवी पसरली, वर दगड आणि माती टाकली. उकरणारं जनावर भिंतीच्या पायाशीच उकरायला लागतं आणि तिथे पंजाखाली जाळी येते. खोल चर खणण्यापेक्षा हे सोपं आणि माती खचली तरी टिकणारं. दाराला वर एक, खाली एक अशा दोन कड्या आहेत, कारण एकाच कडीने दाराचा खालचा कोपरा बाहेर वाकतो.

श्रावणात शिक्र्याने दोन पिल्लं नेली. कोंबडा ओरडला, आई पंख पसरून धावली, पण ती दोघं उघड्यावर राहिली. पिंपळगाव बसवंतच्या मामांनी द्राक्षबागेवरची पक्ष्यांची जुनी जाळी दिली, ती कोंबड्यांच्या फिरायच्या मोकळ्या जागेवर टाकली. एक चूक मात्र झाली. जाळीचं टोक जमिनीवर लोळत राहिलं आणि त्यात धामण अडकली. नायलॉन तिच्या खवल्यांत रुतलं होतं. सर्पमित्राने अर्धा तास बसून एकेक धागा कापला, तेव्हा ती मोकळी झाली. आता जाळी ताणून बांधली आहे, जमिनीपासून वीतभर वर. धामण येते उंदरांमागे आणि उंदीर येतात दाण्यामागे, म्हणून दाणा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गेला आणि संध्याकाळी कोंबड्या डालण्याआधी अंडी उचलली जातात.

विष किंवा सापळ्याचा सल्ला शेजारच्या काकांनी दिला होता. मुंगसाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि विष आपल्याच कुत्र्या-मांजरांच्या पोटात जातं. तो मार्ग मी घेतला नाही, कोणी घेऊ नये.

एक काम राहिलंय. सगळं बंद केल्याने ऑक्टोबरच्या उन्हात कोंबड्या चोच उघडून धापा टाकत होत्या. छताखाली दोन्ही बाजूंना हवेसाठी फटी ठेवायच्या आहेत, अर्थात जाळी लावूनच.

काल दुपारी राखेत पाच बोटांचे ठसे होते. दाराशी येऊन ते आडव्या जाळीच्या कडेकडेने फिरले आणि कुंपणाकडे परतले. एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, आता खुडूक झाली आहे. तिच्यासाठी 9 अंडी डालग्यात जमवली आहेत, उद्या बसवते.