अथेन्सचे कार्ड, पोर्टस्मथचा पब

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथ शहरात, साउथसी या भागात, कॅरेन मर्फी नावाच्या बाई ‘रेड, व्हाइट अँड ब्ल्यू’ हा लहानसा पब चालवत असत. इंग्लंडमधील फुटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेचे, म्हणजे प्रीमियर लीगचे, सामने दाखवायचे तर ब्रिटनमधील अधिकृत वाहिनीची व्यावसायिक जोडणी घ्यावी लागे आणि तिचा खर्च, त्या वेळच्या वृत्तांतांनुसार, महिन्याला सुमारे ७०० पाउंड होता. त्याऐवजी मर्फी यांनी ग्रीसमधील ‘नोव्हा’ या उपग्रह दूरचित्रवाणी सेवेचा डिकोडर आणि कार्ड घेतले, ज्याचा खर्च वर्षाला सुमारे ८०० पाउंड होता. त्यांच्यावर १९८८ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्यातील कलम २९७ खाली, म्हणजे पैसे चुकवण्याच्या हेतूने प्रसारण अप्रामाणिकपणे मिळवल्याबद्दल, फौजदारी खटला भरण्यात आला आणि दंड व खर्च मिळून जवळपास ८,००० पाउंडांचा भुर्दंड बसला. त्या गप्प बसल्या नाहीत. प्रकरण अपिलात गेले, तिथून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात पोहोचले, ४ ऑक्टोबर २०११ रोजी तिथला निकाल लागला आणि २४ फेब्रुवारी २०१२ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली.

मी सोलापुरात कर सल्लागार म्हणून काम करतो. होटगी रस्ता, सात रस्ता आणि जुळे सोलापूर या भागांतील काही परमिट रूम आणि लहान उपाहारगृहांचे हिशेब माझ्याकडे असतात. जागेचे भाडे, विजेचे बिल, दारूच्या परवान्याचे वार्षिक शुल्क, वाढप्यांचे पगार आणि त्यात आता गाणी वाजवण्यासाठी मागितले जाणारे परवाना शुल्क, असे आकडे एकाखाली एक मांडत गेलो की मोठ्या हॉटेलला न जाणवणारी एखादी रक्कम लहान धंद्याचा महिन्याचा नफा कसा पुसून टाकते, हे स्पष्ट दिसते. म्हणूनच ज्या बाईने रीतसर विकले जाणारे कार्ड पैसे देऊन घेतले, तिला गुन्हेगार कशाच्या आधारे ठरवले गेले, हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही.

या प्रसारणाची रचना समजून घेतली की प्रश्नाचे मूळ सापडते. मैदानावर कॅमेऱ्यांनी टिपलेले चित्र आणि प्रेक्षकांचा आवाज एकत्र करून एक मूळ प्रक्षेपण तयार होते व ते निरनिराळ्या देशांतील प्रसारकांकडे जाते. प्रत्येक प्रसारक त्यावर आपले चिन्ह आणि आपल्या भाषेतील समालोचन चढवतो, ते सांकेतिक स्वरूपात बंद करतो आणि उपग्रहाकडे पाठवतो. घरातील डिकोडरमध्ये योग्य कार्ड असेल तर ते कुलूप उघडते. उपग्रहाच्या संदेशाला मात्र देशाची सीमा कळत नाही, कारण त्याची छाया जमिनीच्या फार मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी पडते. सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपल्या गावात एकाच गल्लीत एका घरी मराठी, शेजारी कन्नड आणि त्यापलीकडच्या पद्मशाली कुटुंबात तेलुगू वाहिनी लागलेली असते, आणि विजयपूरसाठी एक दर व सोलापूरसाठी दुसरा दर अशी कल्पनाही आपण करत नाही. आपल्याकडे देश एक आहे म्हणून बाजारही एक आहे. युरोपीय संघाने आपल्या सदस्य देशांमध्ये नेमका असाच एक बाजार उभा करण्याचे वचन दिले होते, आणि तरीही प्रीमियर लीगने हक्क विकताना प्रत्येक देशाभोवती करारांची भिंत बांधली होती: ग्रीक प्रसारकाने आपले कार्ड ग्रीसबाहेर जाऊ द्यायचे नाही, अशी अट करारातच होती.

युरोपीय न्यायालयाने या भिंतीला हात घातला. ब्रिटनमध्ये परदेशी कार्ड आयात करणे, विकणे किंवा वापरणे यांवर बंदी घालणारा राष्ट्रीय कायदा हा सेवांच्या मुक्त देवाणघेवाणीच्या तत्त्वाविरुद्ध आहे, आणि कार्ड देशाबाहेर देऊ नये ही करारातील अट स्पर्धेच्या नियमांविरुद्ध आहे, असा निर्णय झाला. मर्फी यांच्या विरुद्ध जाऊ शकणारा एक मुद्दा इथे प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. अशी अनेक कार्डे खोटे नाव व पत्ता देऊन मिळवली जात होती आणि कराराने ती घरगुती वापरापुरतीच दिलेली असत. न्यायालयाने याही गोष्टीचा विचार केला आणि सांगितले की एवढ्यावरून ते उपकरण ‘अवैध उपकरण’ ठरत नाही, कारण ते खऱ्या प्रसारकाने तयार केलेले आणि खरे पैसे घेऊन विकलेले असते. पत्ता खोटा देणे मला मान्य नाही. परंतु ग्राहकाने करार मोडणे ही एक बाब आहे आणि त्याने चोरी करणे ही पूर्णपणे वेगळी बाब आहे, आणि फौजदारी न्यायालयात उभे करताना हा फरक विसरला जातो तेव्हा कायदा दुबळ्या बाजूवर अन्याय करतो.

त्या निकालपत्रातील मोबदल्याविषयीचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. लीगचे म्हणणे होते की हक्कधारकाला आपल्या मालाचा पुरेपूर पैसा मिळाला पाहिजे आणि त्यासाठी देशनिहाय मक्तेदारी आवश्यक आहे. न्यायालयाने उत्तर दिले की कायदा हक्कधारकाला योग्य मोबदल्याची हमी देतो. शक्य तेवढ्या सर्वाधिक मोबदल्याची हमी तो देत नाही. प्रसारण किती लोक प्रत्यक्ष पाहतात व पाहू शकतात, यावर योग्य मोबदला ठरवता येतो आणि दुसऱ्या देशातील प्रेक्षकही त्या मोजणीत धरता येतात. केवळ भिंत उभी करून दिल्याबद्दल प्रसारक जी जादा रक्कम मोजतो, तिच्यामुळे देशादेशांत कृत्रिम दर तयार होतात, आणि ती रक्कम योग्य मोबदल्याचा भाग मानता येत नाही. हा विचार केवळ फुटबॉलपुरता नाही. औषधे, पाठ्यपुस्तके, संगणकाची सॉफ्टवेअर यांच्या दरांविषयी भांडणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असे मला मनापासून वाटते.

याच निकालात आणखी एक रोचक प्रश्न सुटला. फुटबॉलचा सामना ही कॉपीराइटने संरक्षित होणारी कृती आहे का? न्यायालयाने नाही म्हटले, कारण सामना खेळाच्या नियमांनी बांधलेला असतो आणि कॉपीराइटला लागणारे निर्मितीचे स्वातंत्र्य त्यात उरत नाही. ज्याने एखाद्या मध्यरक्षकाची तीस यार्डांवरून अचूक दिलेली चेंडूची पास पाहिली आहे, त्याला हे वाक्य खटकेल, आणि मलाही ते थोडे खटकते. परंतु कायद्याच्या अर्थाने ते बरोबर आहे. मात्र सामन्याच्या आरंभी येणारी चित्रफीत, लीगचे गीत, पूर्वमुद्रित क्षणचित्रे आणि पडद्यावरील आलेखचिन्हे या कृती आहेत, आणि त्या पबमधील गिऱ्हाइकांना दाखवणे म्हणजे ‘जनतेपर्यंत पोहोचवणे’ होय, त्यासाठी हक्कधारकाची परवानगी हवी, असेही न्यायालयाने ठरवले. विजयाच्या बातम्यांमध्ये हा भाग अनेकांच्या नजरेतून सुटला. व्यवहारात त्याचाच परिणाम मोठा झाला, कारण लीगचे चिन्ह पडद्यावर झळकले की पबवाला पुन्हा दिवाणी दाव्याच्या कक्षेत येतो. प्रवेशशुल्क न घेता प्रसारण दाखवणाऱ्यांना ब्रिटिश कायद्याच्या कलम ७२ मध्ये जी सवलत होती, तिच्यातून २०१६ मध्ये चित्रपट (कायद्याच्या भाषेत कोणतेही मुद्रित चलचित्र) हा शब्द वगळण्यात आला आणि पबवाल्यांची तीही वाट अरुंद झाली. पुढे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला. १ जानेवारी २०२१ पासून सेवांच्या मुक्त देवाणघेवाणीचा आधार तिथल्या पबचालकाला उरलेला नाही. मर्फी जिंकल्या, पण त्यांच्यासारख्या दुसऱ्या कोणाला आज तोच मार्ग धरता येणार नाही.

लीगच्या बाजूने केला जाणारा एकच युक्तिवाद मला आदरणीय वाटतो, आणि तो शनिवारच्या दुपारचा आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचा कोणताही सामना थेट दाखवला जात नाही, कारण त्या वेळी खालच्या श्रेणीतील शेकडो लहान संघांचे सामने आपापल्या मैदानांवर सुरू असतात आणि बड्या संघांचा सामना पबमध्ये किंवा घरी दिसू लागला तर ती मैदाने ओस पडतील अशी भीती असते. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांच्या आग्रहातून १९६० च्या दशकात ही प्रथा रुजली. परदेशी कार्डावर मात्र तो सामना दिसत असे, आणि पबवाल्यांना ते कार्ड हवे असण्याचे हेही एक मोठे कारण होते. लहान संघांच्या तिकीट खिडकीची काळजी मला पटते. गावातील मैदान रिकामे पडल्यावर खेळाचे काय होते, हे आपल्या पार्क स्टेडियमच्या परिसरात वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. न्यायालयाने यावरही व्यवहार्य तोड सुचवली होती: त्या वेळेत प्रसारण नको असेल तर प्रत्येक प्रसारकाच्या करारात तशी मर्यादा घाला, त्यासाठी संपूर्ण देश कुलूपबंद करण्याची गरज नाही.

या निर्बंधाचा एक परिणाम आपल्याला थेट अनुभवता येतो. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना तिथल्या उन्हाळी वेळेनुसार आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला असतो, आणि भारतात तो अधिकृतपणे पाहता येतो. मैदानापासून दोन मैलांवर राहणाऱ्या, तिकीट न परवडणाऱ्या लिव्हरपूलच्या निवृत्त गोदी कामगाराला जो सामना थेट पाहण्याची मुभा नाही, तोच सामना जुळे सोलापूरमधील अभियांत्रिकीचा विद्यार्थी मोबाइलवर बघतो. खेळाचे पोषण ज्या वस्तीने केले, तिलाच तो सर्वांत महाग आणि सर्वांत कमी पाहायला मिळावा, ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते. १९९२ मध्ये पाच हंगामांचे ब्रिटिश हक्क ३०.४ कोटी पाउंडांना गेले होते. २०२५ पासूनच्या चार हंगामांसाठी हा आकडा ६७० कोटी पाउंडांवर पोहोचला आहे. हंगामातील ३८० सामन्यांपैकी थेट दाखवल्या जाणाऱ्या सामन्यांची संख्या या काळात खूप वाढली, हे खरे. परंतु ही रक्कम शेवटी भरतो कोण, तर मासिक वर्गणी देणारा प्रेक्षक आणि पबच्या बिलात ती वळती करणारा चालक.

आपल्याकडील कायदा वेगळा आहे आणि सोलापुरातील व्यावसायिकांनी तो नीट समजून घ्यावा. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ३७ नुसार प्रसारकाला २५ वर्षांचा प्रसारण-पुनरुत्पादन हक्क मिळतो, आणि शुल्क आकारून प्रसारण लोकांना दाखवणे हा त्या हक्काचा भंग ठरतो. त्यामुळे अंतिम सामन्याच्या रात्री मोठा पडदा लावून दारात तिकीट किंवा ‘कव्हर चार्ज’ घेणाऱ्याने परवानगीशिवाय तसे करू नये, हे मी माझ्याकडे येणाऱ्यांना स्पष्ट सांगतो. दारात काहीही न घेता कोपऱ्यातील टीव्हीवर सामना लावणाऱ्याची स्थिती याहून बरी असली, तरी घरगुती डिश जोडणी हॉटेलात वापरणे हा सेवादात्याबरोबरच्या कराराचा भंग असतोच, आणि व्यावसायिक जोडणीचा खर्च वहीत रीतसर दाखवता येतो, कर मोजताना तो वजाही होतो. माझे म्हणणे एवढेच आहे की तो दर देणाऱ्याच्या आवाक्यातला हवा. ब्रिटनमध्ये पबचा दर त्याच्या जागेच्या करपात्र मूल्यावरून ठरवण्याची पद्धत आहे. मोक्याच्या रस्त्यावरची जागा महाग असते, पण तिथला गल्ला तेवढा भरेलच असे नाही, त्यामुळे ती पद्धत लहान पबला जाचते. त्यापेक्षा बसण्याच्या खुर्च्या मोजाव्यात, आणि संपूर्ण वर्षाची सक्ती न करता फक्त हंगामापुरती किंवा एखाद्या स्पर्धेपुरती जोडणी द्यावी. वीस खुर्च्यांच्या परमिट रूमला असा दर मिळाला तर घरची जोडणी धंद्यात वापरण्याची गरज मालकाला उरणार नाही आणि प्रसारकाकडेही आज न येणारे पैसे जमा होऊ लागतील.