गूगल रीडर गेलं, फीड राहिलं

बातम्यांसाठी फेसबुकवर जाणं मी केव्हाच सोडलं. तिथे काय दिसावं हे भलताच कुणी ठरवतो. माझ्या लॅपटॉपवर थंडरबर्ड आहे. घेतलं ईमेलसाठी, पण त्यात आरएसएस फीडही वाचता येतात, तेही फुकट.

फीड म्हणजे साइटने ठेवलेली एक साधी फाइल: मथळा, दुवा, तारीख, थोडा मजकूर. रीडर, म्हणजे फीड वाचणारा प्रोग्रॅम, ती ठरावीक वेळाने तपासतो आणि नवं तेवढं पुढ्यात आणून ठेवतो. बस्स. १९९९ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत निघालेली ही युक्ती अजून ठणठणीत आहे. जुलै २०१३मध्ये गूगलचा फीड रीडर, म्हणजे गूगल रीडर, बंद झालं तेव्हा लोकांनी आरएसएसचं तेरावंसुद्धा उरकलं होतं! पॉडकास्ट मात्र आजही त्याच्याच जिवावर चालतात.

फीडची ती नारिंगी खूण हल्ली साइटवर सहसा दिसत नाही. ब्लॉग वर्डप्रेसवरचा असेल तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजी अक्षरांत ‘फीड’ लिहून बघा, बहुतेक वेळा काम होतं. यूट्यूब चॅनेललाही फीड असतं.

मोठ्या वर्तमानपत्राचं अख्खं फीड मात्र घेऊ नका. क्रिकेटपासून राशिभविष्यापर्यंत सगळं येऊन आदळतं. खरी मजा क्वचित लिहिणाऱ्यांची. माझ्या यादीत गडकोट हिंडणारे एक गृहस्थ आहेत, पावसाळा सरला की जागे होतात. त्यांचं पान रोज उघडून कोण बघणार?

आणि हो, अधूनमधून सगळी यादी ओपीएमएल (फीडची यादी साठवायचा प्रकार) फाइलमध्ये काढून ठेवा. रीडर बदललात तर तीच फाइल तिथे चढवायची.